वसतिगृहात काम कसं मागायचं आणि मेसचा हिशेब कसा सांभाळायचा

वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं की आपण गादी, बादली आणि कुलूप घ्यायला धावतो. त्याच आठवड्यात आणखी एक चक्कर मारा. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे जा आणि ‘कमवा व शिका’चा, म्हणजे शिकता शिकता कॉलेजात काम करून मानधन मिळवायच्या योजनेचा, फॉर्म घेऊन या. मी करमाळ्याजवळच्या खेड्यातून एम.एस्सी.ला पुण्यात आले, तेव्हा हा फॉर्म भरायला दिवाळीनंतर गेले. जागा भरून गेल्या होत्या. ते अख्खं सत्र मी घरून पैसे मागून काढलं, आणि त्या वर्षी घरी पैसे नव्हते.

फॉर्मबरोबर प्रवेशाची पावती, उत्पन्नाचा दाखला आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक लागतं. दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून तो गावाहून निघतानाच काढून आणा. पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. दिवसाला जास्तीत जास्त ३ तास काम आणि मानधन तासावर. काम ग्रंथालयात मिळतं, प्रयोगशाळेत मिळतं, विभागाच्या कार्यालयात किंवा बागेत मिळतं. निवड करता आली तर वेळ ठरलेली असेल ते काम घ्या. ‘लागेल तेव्हा बोलावू’ असं जिथे सांगतात, तिथे तास भरत नाहीत आणि प्रॅक्टिकल मात्र बुडतात. मला पुढच्या सत्रात ग्रंथालय मिळालं, संध्याकाळी ५ ते ८. पुस्तकं जागेवर लावायची आणि परत आलेल्यांची नोंद करायची.

हजेरीपत्रकावर सही त्याच दिवशी करा, देखरेख करणाऱ्यांची सहीही त्याच आठवड्यात घ्या आणि महिनाअखेरीला पत्रकाचा फोटो काढून ठेवा. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं २ महिन्यांचं मानधन एका राहिलेल्या सहीपायी अडकलं होतं. तिच्याकडे फोटो होता म्हणून ते निघालं.

बागकाम आलं म्हणून कुणी नाही म्हणू नका. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामं आपण करत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मेस सेक्रेटरी झाल्यावर ही गोष्ट मला रोज आठवायची, कारण कोठीत तांदूळ किती उरलाय हे बघण्याचं काम आता माझ्याकडे होतं.

आता त्याच कामाबद्दल. वसतिगृहात पदं बरीच असतात: मजल्याची प्रतिनिधी, सांस्कृतिक, क्रीडा, मेस. पहिल्या वर्षी मजल्याची प्रतिनिधी व्हा. गळका नळ, गेलेली ट्यूब, बंद पडलेला गीझर यांच्या तक्रारी वहीत तारखेसह लिहायच्या, रेक्टर मॅडमकडे न्यायच्या आणि काम होईपर्यंत पाठ सोडायची नाही. दुसऱ्या वर्षी मेस मागा. कटकट नको म्हणून ते पद सहसा कुणी मागत नाही, पण माणसाला तयार करतं ते हेच.

आमची मेस मुलींनीच चालवायची होती, ना नफा ना तोटा. १४० मुली. स्वयंपाकाला ३ मावशी. बाजार, किराणा आणि गॅस आमच्याकडे. सूत्रं हातात घेतल्यावर पहिला आठवडा मी नुसती मावशींजवळ उभी राहिले, आणि तुम्हीही राहा. एक किलो कणकेच्या ३२-३३ पोळ्या होतात हे मला तिथे कळलं. १४० मुली, प्रत्येकी ३ पोळ्या, म्हणजे ४२०. तेवढ्याला १३ किलो कणीक पुरते. मी येण्याआधी रोज १६ किलो भिजायची आणि उरलेल्या पोळ्या डब्यात वाळायच्या. हे कागदावर बसून दिसलं नसतं. आणि मावशींना विचारल्याशिवाय माप बदलू नका. शुक्रवारी रात्री निम्म्या मुली गावी जातात आणि परीक्षेच्या दिवसांत पोळी कमी, भात जास्त जातो, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं.

भाजीला मी आठवड्यातून दोनदा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायची. तिथे फळभाजीचा भाव १० किलोला सांगतात आणि पालेभाजीचा शेकड्याला, म्हणजे १०० जुड्यांना. हे माहीत नसलं की पहिल्याच दिवशी गोंधळ होतो. दोघी जा. एकीने भाव करायचा, दुसरीने वजनाकडे बघायचं आणि पावती घ्यायची. एकटीच्या हातात पैसे आले की उद्या एखादीच्या मनात शंका येतेच.

खाड्याची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची, वही मात्र माझ्याकडून पहिल्याच महिन्यात चुकली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. सलग ३ दिवस किंवा जास्त जेवायला नसाल आणि आदल्या संध्याकाळी वहीत लिहिलं असेल तरच खाडा धरायचा, असा आमचा नियम. त्या महिन्याचा खर्च २,२९,२०० रुपये झाला. १४० मुलींचे ३० दिवस म्हणजे ४,२०० दिवस. खाडे होते ३८०. खर्चाला भागायचं ते प्रत्यक्ष जेवलेल्या ३,८२० दिवसांनी, म्हणजे रोजचा दर येतो ६० रुपये. मी भागलं ४,२०० ने आणि दर काढला ५४ रुपये ५७ पैसे. बिलं लावताना मात्र खाडे वजा केले. सगळ्यांचे पैसे जमा झाले तरी सुमारे २०,७०० रुपये कमी पडत होते आणि किराणा दुकानदार दारात उभा होता.

त्या रात्री मी जेवणाच्या हॉलमध्ये बैठक बोलावली आणि फळ्यावर दोन्ही भागाकार करून दाखवले. चूक माझी, तूट इतकी, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकीच्या दरात साधारण साडेपाच रुपये वाढतील. दोघीतिघी चिडल्या, त्यांचं बरोबरच होतं. बाकीच्यांनी आकडे वहीत उतरवून घेतले. तेव्हापासून दर रविवारी खर्चाची पावतीनिशी यादी हॉलच्या भिंतीवर लागायला लागली, खाली मागच्या आठवड्याची शिल्लक. तुम्ही हे पहिल्या रविवारपासून करा. भिंतीवर हिशेब असला की मेसमध्ये बसून कुजबुज करायला विषयच उरत नाही.

पद घेतलं की रात्रीचं दार वाजणारच. आमच्याकडे तापाने फणफणलेली मुलगी रात्री दीडला खाली आणावी लागली होती. तेव्हापासून जिन्यापाशी कागद चिकटवला: रेक्टर मॅडमचा फोन, जवळच्या दवाखान्याचा नंबर, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. त्यावर रॅगिंगविरोधी हेल्पलाइनही लिहा, १८००-१८०-५५२२. नव्या मुलीला हा नंबर पहिल्या दिवशी स्वतः सांगा. ‘ओळख करून घ्यायची’ म्हणून रात्री खोलीत बोलावणाऱ्या मुली असल्याच, तर तुम्ही दारात उभं राहायचं, त्या तुमच्या वर्गातल्या असल्या तरी.

नोकरीसाठी याचा उपयोग होतो का, असं मुली विचारतात. होतो, पण ‘मेस सेक्रेटरी होते’ एवढं लिहून नाही. १४० जणींचं जेवण, महिन्याला सव्वादोन लाखांचा खर्च, पोळ्यांचं माप बदलून रोजची ३ किलो कणीक वाचवली, असं लिहा. मुलाखतीत मला रसायनशास्त्राइतकेच प्रश्न मेसवर आले. माझी एक सहकारी पुढे समाज कल्याण विभागाची परीक्षा देऊन शासकीय वसतिगृहात गृहपाल झाली. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

वर्ष संपताना घाईत किल्ल्या देऊन मोकळं होऊ नका. पुढची सेक्रेटरी फेब्रुवारीतच ठरवून घ्या आणि महिनाभर तिला बरोबर ठेवा. मार्चअखेर कोठीतला माल तिच्यासमोर मोजा, भरलेले आणि रिकामे १९ किलोचे सिलिंडर वेगळे लिहा, दुकानदाराच्या उधारीवर त्याची आणि तिची सही घ्या. मी माझ्यानंतरच्या मुलीला मार्केट यार्डात नेलं तेव्हा भाव तिलाच करू दिला. १० किलो फ्लॉवर तिने घेतला, पावती तिने मागितली, आणि बसमध्ये बसल्याबसल्या ती वहीत चिकटवलीसुद्धा.