घराचा ओटीपी कुणाच्या खिशात?

बारावी झाली की आपल्याकडची पोरं लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठतात. निघताना सल्ले भरपूर मिळतात. मेस कोणती चांगली, खोलीचं डिपॉझिट किती, अभ्यासिका कुठं. मोबाईलबद्दल मात्र घरचे, सर, शेजारी सगळे एकच सांगतात, "जरा कमी बघत जा." मी वसमत तालुक्यातली. बी.ए. संभाजीनगरलाच केलं, आता विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. इतकी वर्षं इथं राहून माझं मत असं झालंय की मोबाईलने माझा सगळ्यात जास्त वेळ रील्सवर नाही खाल्ला, घरच्या कामांवर खाल्ला. आणि याबद्दल नव्या पोरांना कुणी काही सांगत नाही.

ज्या घरात शिकलेलं माणूस एकच, तिथं ते माणूस म्हणजे चालतं-बोलतं सेतू केंद्र. रेशनची ई-केवायसी, पीएम किसानचा हप्ता, पीक विमा, फार्मर आयडी, गॅसचं बुकिंग, सगळं तुमच्याकडं येतं. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा मी गावीच होते. दिवसभर बायका निंदायला जायच्या, म्हणून जेवणं झाल्यावर आमच्या ओट्यावर फॉर्म भरायचं काम चालायचं. कुणाचं आधारवरचं नाव माहेरचं, कुणाचं बँक पासबुक दिराच्या पेटीत. त्या ओट्यावर मला जेवढं प्रत्यक्ष अर्थशास्त्र कळलं, तेवढं पहिल्या सेमिस्टरला कळलं नव्हतं.

पण तुम्ही शहरात आलात की खरी अडचण सुरू होते. घरातल्या बहुतेकांच्या आधारला आणि बँकेला नंबर तुमचा जोडलेला असतो, कारण तेव्हा चालू मोबाईल तुमचाच होता. मग वडील तिकडं बँकेच्या काउंटरवर उभे, तुम्ही इकडं लेक्चरला. फोन सायलेंटवर. "बाई, आलाय का बघ नंबर." तुम्ही धावत कॉरिडॉरमध्ये येता, मोठ्यानं सहा आकडे वाचता, तोवर वेळ संपलेली, परत पाठवा. मागच्या बाकावरच्या निम्म्या पोरांची हीच कथा आहे. ओटीपी वाचून परत वर्गात शिरताना सर ज्या नजरेनं बघतात, ती तुम्हालाही भेटेलच.

यात वेळेपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. ओटीपी कुणाला सांगू नका हे आपण घरच्यांना बजावतो आणि रोज स्वतःच फोनवर ओटीपी सांगतो. त्यामुळं आई-वडिलांच्या डोक्यात ओटीपी म्हणजे गुपित नसतंच, कुणीतरी मागितलं की सांगायचा तो नंबर असतो. उद्या "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही ते तितक्याच सहज सांगतील. आमच्या घरी आता एक नियम आहे. फोन आपण लावला असेल तरच आकडा सांगायचा, समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही. आणि आकड्याच्या आधी मेसेज पूर्ण वाचायचा, कारण तो ओटीपी कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. पैसे पाठवायचा आहे की केवायसीचा, त्यानं सगळा फरक पडतो. मेसेज बऱ्याचदा इंग्रजीत असतो, तेव्हा घरात जे कुणी सातवी-आठवीत असेल त्याला एवढं वाचायला शिकवून ठेवा.

म्हणून गाव सोडण्याआधी एक दिवस काढा. वडिलांना घेऊन आधार केंद्रात जा आणि त्यांच्या आधारला त्यांचाच नंबर लावून घ्या. बँकेतही तसंच. आईचा वेगळा नंबर असेल तर तिचाही. कोणत्या खात्याला, कोणत्या योजनेला कोणता नंबर आहे हे एका वहीत लिहून ती वही घरीच ठेवा. काही कामं तर शहरातून होतच नाहीत. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची ॲपवरून सरकारी नोंद, 2021 च्या 15 ऑगस्टपासून सुरू झाली, तिच्यात पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. मी ते काम चुलतभावाला शिकवलं. सुरुवातीला तो कुरकुरला, आता गल्लीतल्या चार घरांची पाहणी तोच करतो आणि वर मलाच ॲपमधल्या नव्या गोष्टी सांगतो.

तुमच्या स्वतःच्या कामांत सगळ्यात महत्त्वाचं महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून बँकेत गेलात की उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे." ते खरंही असतं, आणि पैसे तरीही त्या खात्यात येत नाहीत. खात्याला केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी एनपीसीआयकडं (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था) त्या खात्याची नोंद होणं, ज्याला सीडिंग म्हणतात, ते वेगळं. आधारवर येणारे सरकारी पैसे ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिकडं जातात. आपली पोरं शहरात आली की नवीन खातं काढतात, फॉर्मवर कुठं कुठं सह्या केल्या ते बघत नाहीत, आणि मग पैसे गावच्या खात्यात शोधत बसतात. आधारच्या अधिकृत साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. अर्ज भरायच्या आधी ते बघा. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, आणि तो कॉलेजच्या डेस्कवरून पुढं गेला की नाही हे लॉगिनमध्ये दिसतं. तिथं अडला असेल तर ऑफिसात जाऊन सांगा. ग्रुपवर "कुणाचे आले का?" विचारून तो पुढं सरकत नाही.

ग्रुपांचं सांगायचं तर बरंच आहे. प्रत्येक वर्गाचा एक, मेसचा एक, गावाकडचा एक, भावकीचा एक, स्पर्धा परीक्षेचे तर मोजूच नका. आपल्याकडं बातमी आता पेपरातून येत नाही, ग्रुपातून येते आणि अर्धी येते. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत, असा तो निर्णय. ग्रुपवर आलं काय? "सर्व मुलींचं शिक्षण मोफत." वडिलांचा लगेच फोन, "मग तुझी फी कशाला मागायलेत?" एम.ए. व्यावसायिक अभ्यासक्रमात येत नाही, राहण्या-जेवणाचा खर्चही त्यात नाही, हे समजावता समजावता माझी संध्याकाळ गेली. शासन निर्णय सरकारच्या साइटवर फुकट मिळतात, मराठीत असतात, आणि बरेच दोन-चार पानांचेच असतात. सवलतीची बातमी दिसली की मूळ निर्णय काढून "अटी व शर्ती" तेवढ्या वाचा. एवढ्यानंच तुम्ही वर्गातल्या निम्म्या लोकांच्या पुढं जाता.

गंमत बघा, हेच वडील हळदीच्या भावाबाबत ग्रुपवर अजिबात विसंबत नाहीत. त्यांच्या ग्रुपवर रोज वसमत, हिंगोली, सांगलीचे दर येतात. पोस्टात असतो तो सगळ्यात वरचा भाव, आणि आपला माल तितका वाळलेला, तितका चांगला आहे का हा प्रश्न उरतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते अडत्याला फोन लावतात, आदल्या दिवशी माल घालून आलेल्याला विचारतात, मगच गाडी भरतात. म्हणजे खात्री करायची कशी हे आपल्या घरात शिकवायची गरज नाही. ज्या विषयात अनुभव आहे तिथं ते करतातच. फी, परीक्षा, नोकरी, आजार या विषयांत तो अनुभव घरात नाही, तिथं तुम्ही अडत्याला फोन लावायचा.

व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर दोन बाण दिसले तर तो मेसेज खूप हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येतो, ही मर्यादा 2020 पासून आहे. त्याआधी 2018 मध्ये भारतात पाच चॅटची मर्यादा आली होती. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भटक्या माणसांना मारून टाकलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची होती, भिक्षा मागायला आली होती. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याचे जुने व्हिडिओ आले की मला हे आठवतं, आणि मी आधी घरी फोन लावते.

आता रील्स. उपदेश करणार नाही, मीही बघते. पण एक हिशोब लक्षात घ्या. 2016 ला जिओ आलं त्याआधी महिन्याचा एखादा जीबी पुरवून पुरवून वापरायचो. आता रोजचा दीड-दोन जीबी मिळतो आणि तो रात्री बाराला संपतो. उरलेला वाया जाऊ नये म्हणून अकरानंतर हॉस्टेलमध्ये सगळे आडवे होऊन बघत बसतात. आपण काटकसरी घरची माणसं, ताटात टाकायचं नाही ही सवय, तीच इथं आपल्या विरोधात जाते. माझा उपाय साधा: दिवसा लेक्चर डाउनलोड करून डेटा संपवायचा. रात्री नेटच उरलं नाही की झोप आपोआप येते. स्क्रीन टाइम मोजणारी ॲप्स मला फारशी उपयोगी पडली नाहीत. आकडा बघून वाईट वाटतं, मग ते वाटणं विसरायला आपण परत रील्स बघतो.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते. आपल्या घरांत मोबाईल मिळतो तो बऱ्याचदा अटींवर. रात्री नऊच्या सुमाराला आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात, गॅलरीत सगळीकडं व्हिडिओ कॉल चालू असतात. कॅमेरा फिरवून खोली दाखवायची, रूममेट दाखवायची. पहिल्या वर्षी चीड येते. मी भांडले नाही. वेळ ठरवून रोज मीच कॉल करू लागले, हळूहळू व्हिडिओचा साधा कॉल झाला आणि आता कधी मीच विसरले तर माय उलट विचारते, "आज अभ्यास लई आहे का गं?" सगळ्यांच्या घरी असंच होईल असं नाही. काहींचं लग्न एका फोटोखालच्या कमेंटवरून लवकर ठरलेलं मी पाहिलंय. पण कुणी फोटो वापरून धमकावत असेल तर भीतीनं चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.

पैशाच्या फसवणुकीबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. व्हिडिओला लाइक करा आणि घरबसल्या कमवा, हे टेलिग्रामवर सुरुवातीला शे-दोनशे देतात आणि मग "टास्क"साठी हजारो भरायला लावतात. विद्यार्थ्यांना खास धोका मात्र तिसऱ्याच गोष्टीचा आहे. "तुझं खातं थोडे दिवस वापरायला दे, महिन्याला पैसे देतो." कँटीनमध्ये ओळखीचाच पोरगा असं विचारतो. एटीएम कार्ड, सिम, पासबुक त्याला द्यायचं, बस. त्या खात्यावरून कुणाच्या तरी लुबाडलेल्या पैशाची फिरवाफिरव होते आणि पोलीस पहिले पोहोचतात खातेदाराकडं, म्हणजे तुमच्याकडं. खातं गोठतं, त्यात शिष्यवृत्ती असेल तर तीही अडकते. ज्याला सरकारी नोकरीची तयारी करायची आहे त्यानं तर या वाटेला जाऊच नये, चारित्र्य पडताळणी पुढं आहेच. पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून घरी कसं सांगू या विचारात रात्र घालवू नका.

शेवटी अभ्यास. एआयच्या चॅटबॉटला मराठीत विचारलं तरी उत्तर मराठीत येतं, ही आपल्यासाठी छोटी गोष्ट नाही. इंग्रजी पुस्तकातला अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला मी ते रोज वापरते. पण मराठवाड्याच्या अनुशेषावर, म्हणजे विकासात मागं पडलेल्या कामांवर, सेमिनार होता तेव्हा त्यानं 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल आणि 2013 चा केळकर समितीचा अहवाल एकमेकांत मिसळून ऐटीत सांगितले. दोन्हींच्या मधे जवळजवळ तीस वर्षं आहेत आणि अनुशेष मोजण्याच्या पद्धतीवरूनच तर सगळा वाद आहे. सरांनी ते दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतं. आकडा, वर्ष आणि संदर्भ या तीन गोष्टी त्याच्याकडून घेऊ नका. त्यासाठी शोधगंगा आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे, आपल्या विद्यापीठाचेही, पीएचडीचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. मराठी विश्वकोश साइटवर आहे. ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवर चांगल्या प्राध्यापकांचे पूर्ण कोर्स आहेत. आपल्या जिल्ह्यावर प्रबंध झालाय का ते शोधून बघा. मला हळद बाजारावरचा एक सापडला, त्यातल्या तक्त्यांवर वडिलांशी फोनवर वाद घालता घालता माझा डिझर्टेशनचा विषय ठरला. एवढ्या मोठ्या पीडीएफ मोबाईलवर वाचू नका, डोळे जातात. ग्रंथालयात कॉम्प्युटर असतात, ओळखपत्र घेऊन सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते.