‘दोनच मिनिटांचं काम आहे’: ऑफिसातल्या बारीकसारीक कामांना आवर कसा घालायचा

हिंजवडी फेज टू, संध्याकाळचे पावणेसहा. शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "अरे, ही शीट जरा बघ ना, दोनच मिनिटं." कंपनीची बस सव्वासहाची. फाइल उघडावी तर व्ही-लुकअपने, म्हणजे एका शीटमधला कोड दुसरीत शोधणाऱ्या एक्सेलच्या सूत्राने, निम्म्या ओळींत एन/ए (‘सापडलं नाही’) दाखवलेलं. एका शीटमधले कोड आकडा म्हणून साठवलेत, दुसऱ्या शीटमधले मजकूर म्हणून. काही कोडांच्या शेवटी स्पेस चिकटलेली. शिवाय रेंज जागेवर बांधून ठेवणारं डॉलरचं चिन्ह न लावता सूत्र खाली ओढल्यामुळे, जिथे शोधायचं ती रेंज दर ओळीला एकेक घर घसरलेली. तीन दोष, पंचवीस मिनिटं, बस गेली. मागणारा खोटं बोललेला नसतो. काम केवढं आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तर तो विचारायला आला. तेव्हा मोजमाप तुम्हालाच करावं लागणार.

पहिले दोन आठवडे कोणालाही नाही म्हणू नका, नुसती नोंद ठेवा. फोनमध्ये चार रकाने पुरतात: कोण, काय, किती मिनिटं म्हणाला, किती लागली. दहा दिवसांत बहुधा असं दिसतं की त्रास अख्ख्या ऑफिसचा नाही, दोघा-तिघांचाच आहे, आणि तोही एकाच प्रकारच्या कामाचा. ही नोंद न ठेवता एकदम ताठ व्हायला गेलं की राग भलत्यावर निघतो, वर्षातून एकदा स्टेपलर मागणाऱ्यावर.

मग ‘कधीच नाही’ची कामं बाजूला काढा. दुसऱ्याचं कार्ड स्वाइप करणं, पासवर्ड किंवा ओटीपी देणं, दुसऱ्याच्या नावापुढे सही ठोकणं. आणि पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणं. "फक्त सही हवीये गं" असं म्हणत फॉर्म पुढे येतो, पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. चार लाखांचे हप्ते थकले तर संस्था आधी कर्जदाराला गाठेल, मग तुम्हाला, असा क्रम धरून चालू नका. इथे उत्तर एकच: "मी कोणालाच जामीन राहत नाही." यातला ‘कोणालाच’ महत्त्वाचा, कारण मग नकार त्या माणसाला राहत नाही. अर्थात पुढे एकालाही राहिलात की हे वाक्य कायमचं फुकट गेलं.

बाकीच्या कामांत घोटाळा होतो तो आपल्या बोलण्याचाच. "बघतो", "करूया", "जमलं तर". बोलणाऱ्याच्या मनात हा सभ्य नकार असतो, ऐकणारा मात्र होकार समजून निघून जातो आणि संध्याकाळी "झालं का?" म्हणून येतो. त्यापेक्षा सरळ: "आज नाही जमणार. उद्या साडेअकराला पंधरा मिनिटं बसू." नकार, वेळ आणि माप, तिन्ही त्यात आलं. कारण सांगू नका. कारण सांगितलं की समोरचा ते सोडवायला बसतो. "आज पाहुणे यायचेत" म्हटलं की "मग उद्या कर", "डोकं दुखतंय" म्हटलं की गोळी हजर. पुणेरी पाटीचा खवचटपणाही इथे नको. टोमणा लक्षात राहतो, नकार विसरला जातो.

साडेअकराला बसाल तेव्हा माउस त्याच्या हातात द्या. दोन्हीकडचे कोड एकाच प्रकारचे कसे करायचे, ट्रिमच्या सूत्राने स्पेस कशी काढायची, डॉलर कुठे, हे त्याच्याच हातून एकदा होऊ दे, आणि तीच शीट नमुना म्हणून त्याच्याकडे ठेवा. पुढच्या वेळी "ती नमुना शीट उघड, अडलास तर सांग" एवढंच.

वरिष्ठांना नाही म्हणायचं नसतं, निवडायला लावायचं असतं. "सर, ऑडिटचं आज सहापर्यंत द्यायचंय. हे आधी घेऊ की ते?" फार वेळा सरांना ‘ते’ आठवतच नव्हतं. आणि आपल्यावर आलेलं काम नव्या ट्रेनीच्या किंवा शिपाईकाकांच्या गळ्यात घालू नका. त्यांना तर नाही म्हणण्याची सोयच नसते.

आपल्या गाडीतून लिफ्ट देण्याचं प्रकरण वेगळं, कारण ते रोजचं. "तू तिकडूनच जातोस ना?" वाट तीच असते, पण सोसायटीचं गेट आतल्या गल्लीत असतं. आत वळायला चार मिनिटं, "आलोच, जिन्यात आहे"ला सहा. महिन्याचे २२ दिवस धरले तर २२० मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. कोथरूडहून हिंजवडीला जात असाल तर भेटायची जागा चांदणी चौकाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरच ठरवा. वेळ ८:१०, थांबणं तीन मिनिटं. आणि ८:१३ ला खरोखर निघा. पहिल्या आठवड्यात एकदा तरी त्याला न घेता निघावं लागेल. ते टाळलंत तर ८:१० चे ८:२० झालेच म्हणून समजा. दुचाकी असेल तर मागे बसणाऱ्याने हेल्मेट स्वतःचं आणायचं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते त्यालाही सक्तीचं आहे. पेट्रोलचा वाटा पहिल्याच दिवशी ठरवा. तीन महिने फुकट नेऊन मग विषय काढला की तुम्ही चिकट ठरता.

‘गावात’, म्हणजे जुन्या पुण्यात, राहणाऱ्यांवर आणखी एक बोजा: "येताना चितळ्यांची बाकरवडी आण ना." आधी एक पुडा, मग ग्रुपवर सात जणांची ऑर्डर, आणि तीन-साडेतीन किलो ओझं ॲक्टिव्हाच्या हुकला. आणायची हौस असेल तर महिन्यातला एक शुक्रवार ठरवा, गुरुवारी रात्री नऊपर्यंत नाव आणि पैसे आले त्यांचंच आणा. नकार द्यायचा तर ग्रुपवर नको, विचारणाऱ्याला वेगळा मेसेज करा.

उसन्या दोनशे-पाचशेंना देतानाच तारीख विचारा. त्या दिवशी सकाळी क्यूआर आणि रक्कम पाठवा, बाकी मजकूर नको. पहिले परत येईपर्यंत दुसरे देऊ नका.

जुनी सवय मोडायची असेल तर ऐन गर्दीत नको. आठ दिवस आधी, चहाच्या टपरीवर निवांत सांगा: "एक तारखेपासून रिपोर्टचं फॉरमॅटिंग तू बघ, या आठवड्यात शिकवून ठेवतो." त्यावर "मोठा माणूस झालास" हे ऐकावं लागेल, चार-पाच दिवस गाल फुगलेले राहतील. त्या दिवसांतही चहाला नेहमीसारखे जा, डबा नेहमीसारखा उघडा. गाडी फसते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी: आपल्यालाच वाईट वाटतं आणि आपण आपणहून "दे, करून टाकतो" म्हणतो. तीनदा नाही आणि चौथ्यांदा हो झालं, की पुढच्या महिन्यात तो मुकाट्याने चारदा विचारतो.