कोकोचं रोप लावलंय? या चुका टाळा

हौसेनं आणलेलं कोकोचं रोप एप्रिलमध्ये करपलं, की आपली पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे. बहुतेक वेळा रोग नसतोच, जागा चुकलेली असते. ॲमेझॉनच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं हे झाड. त्याला गाळून आलेलं ऊन आणि दमट हवा लागते. पाटण-शिराळ्याकडे नारळाखाली ते जमून जाईल. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या वाऱ्यात मात्र आडोशाला एखादं झाड ठीक, बाग लावायच्या फंदात पडू नका.

पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरीत झाल्या, तर आधी सावली करा. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर चुनखडीच्या रानात लोह कमी पडतंय. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत खड्डा करून लावू नका. मुळाशी पाणी साचतं, उंचवट्यावर लावा.

बी लावणार असाल तर ताज्या फळातलंच. बाहेर काढलेलं बी काही दिवसांतच मरतं, पाकिटातलं वाळकं बी उगवायचं नाव घेत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार असते, 'फुलं येतात, फळ धरत नाही.' नखाएवढी ही फुलं थेट खोडावर येतात आणि चिलटाएवढ्या माश्या त्यांचं परागीभवन करतात. या माश्या कुजत्या पाल्यात वाढतात. आपण बुंधा झाडून लख्ख करतो, वर कीटकनाशक मारतो, मग फळ धरणार कसं? खाली उसाचं पाचट आणि केळीच्या खुंटाचे तुकडे कुजू द्या. बरीच झाडं स्वतःच्या परागावर फळत नाहीत, म्हणून निदान दोन वेगवेगळी रोपं हवीत.

बोटाएवढी फळं काळी पडून झाडावरच सुकली तर घाबरू नका; जादा झालेली फळं झाड स्वतःच सोडून देतं. पावसाळ्यात मोठ्या फळावर तपकिरी डाग पसरत गेला, तर मात्र ती फळकूज. असं फळ लगेच काढून लांब टाका आणि 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा.

पिकलेलं फळ ओढू नका, कात्रीनं कापा. देठाजवळच्या गाठीवरच पुन्हा फुलं येतात. आतला पांढरा आंबटगोड गर चोखून खायचा. बी कडू, चॉकलेटची चव ते आंबवून, वाळवून, भाजल्यावर येते. दोन-चार फळांच्या बियांचा ढीग तापत नाही, त्यामुळे आंबवणं फसतं. आणि बिया अंगणात टाकू नका, कुत्र्याला त्या विषारी असतात.