प्लॅटिनम विरघळलं की कार्बन जळाला? बीकरातली चाचणी

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारा सेल. त्यातला प्लॅटिनम-कार्बन उत्प्रेरक (कार्बनच्या आधारावर बसवलेले प्लॅटिनमचे बारीक कण) कसा झिजतो हे पाहायला अख्खा सेल लागत नाही. पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र) आणि ग्लासी कार्बनचा, म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत कार्बनचा, इलेक्ट्रोड एवढ्यावर कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही हे होतं. एमएस्सीच्या मुलांना शिकवते तीच रीत सांगते.

आधी स्वच्छता. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड प्लॅटिनमला चिकटून ते विरघळवायला मदत करतं. मग दोष उत्प्रेरकाचा की भांड्याचा, कसं कळणार? १८.२ मेगाओम-सेंटीमीटरचं पाणीच घ्या, काचसामान त्यातच उकळा. ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो रेफरन्स इलेक्ट्रोडही सिल्व्हर-क्लोराइडचा नको, हायड्रोजनचा वापरा. उद्यमनगरातून टेफ्लॉनचं झाकण करून आणलंत तर लेथवरचं तेल पुरतं निघेपर्यंत धुवा.

०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लातून नायट्रोजन सोडा. संहत पर्क्लोरिक आम्ल मात्र शाईसाठीच्या आयसोप्रोपेनॉलच्या (एक अल्कोहोल) जवळ कधीही ठेवू नका. उत्प्रेरकाची पूड द्रवात मिसळून केलेल्या शाईचा थेंब इलेक्ट्रोडवर सारखा पसरून वाळू द्या; कडेला वलय धरलं तर पुसून पुन्हा टाका. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज वर-खाली फिरवत प्रवाह मोजण्याची रीत) प्लॅटिनमवर बसणाऱ्या-सुटणाऱ्या हायड्रोजनचा विद्युतभार मोजा. दर चौरस सेंटीमीटरला २१० मायक्रोकूलॉम धरून प्लॅटिनमचं क्षेत्रफळ निघतं.

प्लॅटिनमची झीज आणि कार्बनची झीज वेगवेगळी दिसावी म्हणून आता शाईचे दोन वेगळे, ताजे थर घ्या. पहिल्यावर ०.६ आणि ०.९५ व्होल्ट, प्रत्येकी ३ सेकंद, ३०,००० आवर्तनं. याला ५० तास लागतात. जुलैच्या पावसात यूपीएसशिवाय सुरूच करू नका. इथे प्लॅटिनम विरघळतं, आणि काकवीत बारीक रवे जाऊन मोठे खडे वाढावेत तसे लहान कण संपून मोठे फुगतात. दुसऱ्यावर १.० ते १.५ व्होल्ट, सेकंदाला ५०० मिलिव्होल्ट, ५,००० आवर्तनं. गाडी चालू-बंद होताना कॅथोडवर असंच चढं व्होल्टेज येतं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि कणांचा आधारच सुटतो. ०.६ व्होल्टजवळ आलेखात नवा उंचवटा दिसला तर कार्बनचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज झालाय.

हे आकडे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या चाचण्यांतले, पण तिथे सेल ८० अंशांवर असतो. बीकरातल्या निकालाशी ते थेट जुळवू नका.

‘क्षेत्रफळ चाळीस टक्के घटलं’ एवढंच लिहिलेला अहवाल मी परत देते. दोन्ही थरांचे आलेख शेजारी लावा. टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) सोय होत असेल तर चाचणीआधीचा आणि नंतरचा नमुना पाठवा, आणि कणांचा आकार वाढलाय की संख्या घटलीय, हे वेगवेगळं मोजा.