ईटीपीत नवीन लागलात? आधी गाळाशी ओळख करून घ्या

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाल्यावर कोकणातल्या एका एमआयडीसीत ईटीपीवर, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, रुजू झालो. पहिल्याच दिवशी ऑपरेटर काकांनी हातात एक लिटरचा सिलिंडर दिला. "एरेशन टँकमधून भर, अर्धा तास ठेव, गाळ किती बसतो बघ." एरेशन टँक म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात ती टाकी, आणि गाळ म्हणजे तिथे वाढणारे, घाण खाणाऱ्या जिवाणूंचे पुंजके. 300 मिली बसला. एमएलएसएस (लिटरमागे कोरड्या गाळाचं वजन) 3000 मिग्रॅ होतं, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) 100. गाळाची तब्येत उत्तम.

आमच्या सांडपाण्यात फिनॉल असायचं. जंतू मारणारं फिनॉल जंतूच कसे खातात? स्यूडोमोनाससारखे जिवाणू आधी त्यावर ऑक्सिजन चढवून कॅटेकॉल बनवतात, मग त्याचं कार्बन अणूंचं कडं फोडतात. पुढे त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातो, उरलेल्यातून नव्या पेशी. कडं फुटेपर्यंत दोन्ही वेळा ऑक्सिजन लागतो, म्हणून हवा देणाऱ्या ब्लोअरची काळजी. पण सवयीपेक्षा जास्त फिनॉल आलं की हेच जिवाणू गपगार होतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र एका सकाळी. रात्री कुणीतरी रिअॅक्टर धुतलेलं पाणी इक्वलायझेशन टँक (सांडपाणी आधी साठवून एकसारखं करणारी टाकी) चुकवून थेट सोडलं होतं. टँकवर पांढरा फेस, आणि एरवी 2 असणारा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिग्रॅ/लिटर) 6 वर! मी खूश. काका म्हणाले, "अरे, ऑक्सिजन उरलाय, कारण खाणारं कुणी नाही." मायक्रोस्कोपखाली व्हॉर्टिसेला (देठावर घंटेसारखे दिसणारे एकपेशी जीव) बघितले तर नुसते देठ, वरच्या घंटा गळालेल्या.

फीड, म्हणजे येणारं सांडपाणी, बंद केलं, शेजारच्या प्लांटमधून टँकरने गाळ आणला, थोडा थोडा लोड वाढवत नेला. सीओडी (पाण्यातली घाण मोजणारा आकडा) दहाबारा दिवसांत रुळावर आला. अमोनियाने मात्र महिना खाल्ला, कारण अमोनिया खाणारा नायट्रोसोमोनास जिवाणू फार सावकाश वाढतो. अशा वेळी टँकमध्ये गूळ-शेण टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. गुळाने गूळ खाणारे वाढतात, फिनॉल खाणारे नाही. युरिया-डीएपी ठीक, तेही सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस कमी असेल तरच.

1914 साली मँचेस्टरमध्ये सांडपाण्यावर काम करणाऱ्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी गाळाची हीच किंमत दाखवली होती: पाणी बदललं, गाळ तोच ठेवला, आणि पाणी शुद्ध करायचं आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्यामुळे मुलाखतीत पगाराआधी विचारा, इक्वलायझेशन टँक केवढा आहे आणि गाळ काढून टाकायचा निर्णय कोण घेतं. मायक्रोस्कोप आहे का, हेही विचारा. आमच्याकडे होता, पण कपाटात, चावी स्टोअरवाल्याकडे.