डेव्ह्स मॉडेलमधला काटा अडकतो कुठे? या चुका टाळा

निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात गाळप सुरू झालं की कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गेटवर नंबर, मग काटा, मग गव्हाण, शेवटी रिकाम्या गाडीचं वजन. बेळगावात इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांना सिम्युलेशनच्या प्रोजेक्टसाठी घरचाच विषय. बर्नार्ड झिग्लर यांनी 1976 च्या पुस्तकात मांडलेला डेव्ह्स (DEVS), म्हणजे एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी घेणाऱ्या सिम्युलेशनची मांडणी, इथे चपखल बसतो. तरी कोड चालतो आणि आकडे भलतेच येतात. बहुतेक वेळा घोळ वेळेच्या हिशेबात असतो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक ही. एका गाडीच्या वजनाला 4 मिनिटं लागतात असं धरा. दीड मिनिट झालं, तेवढ्यात मागून दुसरी आली. बाह्य संक्रमणात, म्हणजे बाहेरून घटना आल्यावर अवस्था बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, तुम्ही तिला रांगेत घेतलं आणि ‘वजन चालू’ ही अवस्था तशीच ठेवली. वरवर बरोबर. पण कुठलंही संक्रमण झालं की सिम्युलेटर ‘या अवस्थेत किती वेळ थांबायचं?’ हे नव्यानं विचारतो. तिथे 4 लिहून ठेवले असतील तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दर 3 मिनिटांनी गाडी येत राहिली तर पहिल्या गाडीचं वजन हंगाम संपला तरी होत नाही! म्हणून उरलेला वेळ, म्हणजे सिग्मा, अवस्थेतच ठेवा आणि बाहेरून घटना आली की गेलेला वेळ त्यातून वजा करा: 4 वजा 1.5, उरले 2.5. नवे 4 फक्त नवीन गाडी काट्यावर चढली की.

लॅम्डा, म्हणजे आउटपुट बाहेर पाठवणारं फंक्शन, अंतर्गत संक्रमणाच्या (सिग्मा संपला की आपोआप होणाऱ्या बदलाच्या) आधी चालतं. त्यानं रांगेतली गाडी फक्त पाहायची आणि पाठवायची. काढायचं काम संक्रमणाचं. बाहेरच्या घटनेला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असेल तर सिग्मा शून्य असलेली मधली अवस्था लागते. इथेच दुसरा सापळा आहे. काटा गव्हाणीला ‘जागा आहे का?’ विचारतो, ती ‘नाही’ म्हणते, काटा लगेच पुन्हा विचारतो, सगळं शून्य वेळात. सिम्युलेशनचं घड्याळ जागचं हलत नाही, लॅपटॉपचा पंखा मात्र घरघरतो. काट्याचा सिग्मा अनंत करा. जागा झाली की गव्हाणच कळवेल.

वजन संपणं आणि नवी गाडी येणं एकाच क्षणी घडलं तर? मूळ डेव्ह्समध्ये कोणी आधी हलायचं ते निवड-फंक्शन ठरवतं. 1994 च्या पॅरलल डेव्ह्समध्ये त्यासाठी वेगळं संक्रमण असतं, आणि एका क्षणी आलेले सगळे इनपुट एकत्र मिळतात. त्यातला पहिलाच उचलला तर बाकीच्या ट्रॉल्या गायब. आत आलेल्या गाड्या म्हणजे बाहेर गेलेल्या अधिक यार्डात उरलेल्या, हा ताळा प्रत्येक रनला घ्या. वेळ दशांशात ठेवू नका, पूर्ण सेकंदांत ठेवा, 0.1 अधिक 0.2 संगणकाला नेमके 0.3 वाटत नाहीत आणि ‘एकाच क्षणी’ हुकतं.

आकडे काढताना रिकाम्या यार्डाचे सुरुवातीचे तास सोडून द्या, आणि एकाच सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या बीजावर) विसंबू नका. मग लिटलचा नियम (येण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम म्हणजे आतल्या गाड्यांची सरासरी) लावून बघा: तासाला 12 गाड्या, सरासरी मुक्काम 3 तास, तर यार्डात सरासरी 36 गाड्या हव्यात. मॉडेल 20 दाखवत असेल तर आधी मोजणारा कोड तपासा, मग काटा.