ग्रामसभेत आपला विषय मंजूर करून घ्यायचा तर

गावच्या ग्रुपवर अभ्यासिकेवरून रात्रभर वाद चालतो आणि प्रोसिडिंग बुकात, म्हणजे ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, तिची एक ओळही नसते. पंचायत समितीत विचारतात ते ठरावाबद्दल.

आधी गावच्या मतदार यादीत नाव हवं. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण होतात, त्या तारखेवर नाव लागतं. फॉर्म 6, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊही भरता येतो. नोकरीच्या शहरात नाव हलवलं की गावच्या ग्रामसभेतला हक्क संपतो, हे लक्षात ठेवा.

विषय एकच घ्या आणि त्याला पैसा कुठून येईल ते आधी बघा. ग्रामसेवकांकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) अंदाजपत्रक, म्हणजे नमुना 1, मागा. विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. अभ्यासिका त्यात बसत नाही; ती अबंधित (ठरावीक कामाची अट नसलेल्या) निधीतून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मागावी लागते. हे न बघता मागणी केली की 'निधी उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं.

अर्ज ग्रामसभेच्या पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्या; एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. नोटीस सात दिवस आधी निघते, विषय तिच्यात छापून यायला हवा. 'आयत्या वेळचे विषय' शेवटी येतात, तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती. 600 मतदारांच्या गावाला 90 माणसं लागतात, 2,000 च्या गावाला 100. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग पाचपंधरा जण गावाचा निर्णय घेतात. बाहेरगावची मुलं सुट्टीला येतात ते 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट हे दिवस म्हणून सोडू नका. ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे विषय मंजूर झाला तर नंतर तो टाळणं अवघड जातं.

ठराव मोघम असला की मेला. 'युवकांसाठी सोय करावी' यातून काहीच निघत नाही. असा लिहून न्या: 'ग्रामपंचायतीच्या जुन्या कार्यालयाच्या खोलीत अभ्यासिका सुरू करावी. छपराची दुरुस्ती, दोन पंखे, चार ट्यूबलाइट व सहा टेबलांचा खर्च स्वनिधीतून करावा. वीजबिल ग्रामपंचायतीने भरावे. काम 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण करावे.' खाली सूचक, अनुमोदक. वीजबिलाचं वाक्य गाळू नका. बऱ्याच अभ्यासिका त्याच मुद्द्यावर कुलपात जातात.

सभा संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या, त्याचा क्रमांक टिपून ठेवा. कोऱ्या पानावर सही अजिबात नको, ओळखीचा माणूस म्हणाला तरी.

नंतर ठरावाची प्रत मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: विषय एक, मजकूर 150 शब्दांच्या आत, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं.